डावा कान सशाचा, बाबा!

प्रिय बाबा,

मी अजूनही म्हणतो, चूक तुमचीच. डावा कान म्हणजे सशाचा डावा, समोर बसलेल्याचा नव्हे! उजवा कान नोंदणीच्या खुणेसाठी मोकळा ठेवायचा असतो. तुम्ही आपल्या सशिणीच्या, डचेसच्या, त्याच कानात आपला घरचा नंबर गोंदलात. पणजोबापर्यंतची वंशावळ कागदावर असूनही नोंदणीच्या तपासणीला बसलेल्या बाईंनी डचेसला नोंद न करताच परत धाडलं.

इथे ओहायोत, सशांच्या फार्मवर, मी मजेत आहे. मालक चिडवतो, "वेस, तुझ्यापेक्षा सशांचं खानदान मोठं!" एका सशाने बोटाला चावा घेतलाय, पण जखम भरतेय. आईचा खोकला थांबला का?

आता डचेसच्या पिल्लाला, क्लेमीला, गोंदताना मांडीवर पाठमोरी घ्या, म्हणजे तुमचा डावा तोच तिचा. जत्रेत तिची नोंदणी झाली, तर तिची पिल्लं चांगल्या भावाने जातील आणि मी घरी येईन.

तुमचा,
वेस

ता. क. आधी आईला डॉक्टरकडे न्या. तिच्या औषधाचे आणि क्लेमीच्या नोंदणीचे मिळून ऐंशी डॉलर पाठवतोय.