दहावी ब मधला माझा आवाज

१० नोव्हेंबर २००८
सहामाहीचा निकाल. इतिहासात माझी दहावी ब पहिली. आठवीपासून नापास होणारा गेविनसुद्धा पास. खडू, फळा आणि माझा आवाज, बस. आमच्या प्रिन्सिपल सिस्टर गर्ट्रूड म्हणाल्या, प्रिलिमलाही असंच राहिलं तर रिटायरमेंट वर्षभर पुढे ढकलू. म्हणजे ढकललीच.
भूगोलाची क्षितिजा मुलांना तासाला मोबाइल काढू देते. तिला माझा इतिहास हवाय. मिळणार नाही.

१४ नोव्हेंबर, बालदिन
जिन्याखाली माझाच आवाज! गेविनच्या मोबाइलवर माझा तास, चोरून रेकॉर्ड केलेला. भोवती मुलं हसतायत. मी शिकले त्या कॉन्व्हेंटच्या मदर सुपीरियरची गोष्ट मी तासाला नेहमी सांगते, ती आली तिथे तर जास्तच. मदर असत्या तर सगळ्यांना गुडघ्यांवर उभं केलं असतं. मी प्रेमळ आहे. सावकाश सूड घेईन.
घरी जाताना पूनम सागर ते उत्तन, बसमध्ये तेवढाच विचार.

१७ नोव्हेंबर
सिस्टरना सांगून दप्तरं तपासली. टेबलभर मोबाइल. एकेकाला माझ्यासमोर रेकॉर्डिंग पुसायला लावलं. गेविन म्हणाला, जूनपासूनचं आहे टीचर. म्हटलं, जूनपासूनचंच पूस. क्षितिजा मध्ये पडली, कशाला ठेवलंय ते आधी विचारा म्हणाली. चोरांची वकील.
घरी येऊन केक खाल्ला. दोन तुकडे.

१५ डिसेंबर
मोबाइल बंद झाल्यापासून वर्ग नुसता एकाग्र. काहीजण तर डोळे मिटून.

१९ जानेवारी २००९
प्रिलिम. दहावी ब शेवटची. पेपर फार कठीण होता. मीच काढला होता, तरीही.
गेविनला गाठलं. मला हसत होतात ना, विचारलं.
"हो टीचर. हसता हसता लक्षात राहायचं. मदरची गोष्ट संपली की १८५७ येणार, हे पाठ होतं."

२२ जानेवारी
मार्चमध्ये माझा निरोप समारंभ. जूनपासून इतिहास क्षितिजाकडे. सिस्टरना पस्तावा होईल.
पण बोर्डाची परीक्षा अजून व्हायचीय. माझ्याशिवाय गेविन सुटायचा नाही. मन मोठं केलं. वर्गात जाऊन सांगितलं, मोबाइल काढा, जूनपासूनचं सगळं पुन्हा बोलते.
कोणी हलेना. शेवटी गेविन उठला.
"नको टीचर. क्षितिजा मिसनी इतिहासाचे सगळे धडे रेकॉर्ड करून दिलेत. त्यांचे छोटे आहेत. मेमरीत बसतात."