मुकी डिस्क

विमल,

दूध तापवून झाकून ठेवलंय. ही चिठ्ठी दाराच्या कडीत खोचलीय, चावी शेजारी रंभाबाईंकडे आहे. मी कॉम्प्युटरवाल्याकडे जुनी डिस्क मागायला चाललो. तू जाऊ दिलं नसतंस, म्हणून तू शाळेतून यायच्या आतच निघालो.

नवीन डिस्क मला पटलेली नाही. बसवण्याआधी हातात घेऊन पाहिली, बिस्किटाएवढी, वजनच नाही. तू म्हणतेस, हिच्यात फिरणारी चकती नसते, सगळं चिपमध्ये साठतं, लाइट गेली तरी पुसलं जात नाही. असेल. पण माझा जन्म नेपानगरच्या मिलमध्ये गेला. पेचकसाचं टोक मशीनला, मूठ कानाला लावली की आत काय चाललंय ते कळायचं. जुनी डिस्क घरघर करायची, जिवंत वाटायची. परवा कॉम्प्युटरला कान लावला, तर पंख्याशिवाय काही ऐकू येईना. अशा मुक्या वस्तूत तुझ्या आईचं हळदीचं गाणं राहील कसं?

दुकानवाला म्हणतो, सगळं नवीनमध्ये उतरवून दिलं. मग जुनी त्यानं ठेवून का घेतली?

काल तू गाणं लावायला बसलीस आणि मी उठून बाहेर ओट्यावर गेलो. तुला वाटलं, मी चिडलो, म्हणून तूही ते न लावताच उठलीस. तसं नव्हतं.

घरी आलीस की आधी तू एकटीच ऐक. असलं, तर मी आल्यावर लाव. नसलं, तर मला सांगू नको. कॉम्प्युटर बिघडलाय म्हण.

— आप्पा