माझा प्रश्न, सुधाकरचं उत्तर

ओतूर, डिसेंबर १९५७, मंगळवार

सुधाकरचं विलायतेहून पत्र आलं. कॉलेजात माझ्या वह्या उतरवून पास झालेला हा. आता तिथं कोंबडीच्या अंड्यांत फ्लूचे विषाणू वाढवतो. लिहितो, मेलेला विषाणू दिला तर पेशी सावध होते, शेजारच्या पेशींनाही सावध करते. जिवंत विषाणू मात्र आत शिरताच तिचं तोंड दाबत असावा, असा त्याचा अंदाज.

अरे, धडधाकट माणसं फ्लूनं चार दिवसांत कशी जातात, हा प्रश्न माझा होता! उन्हाळ्यातल्या साथीत दारोदार मी फिरलो.

शेवटी लिहिलंय, "मी फ्लूचा एकही रोगी पाहिलेला नाही. तुझी साथीतल्या रोग्यांची टिपणं पाठव." बायकोनं विचारलं, "पाठवणार ना?" मी म्हटलं, "सापडत नाहीत." टेबलाच्या खणातच आहेत.

दुपारी दवाखान्यात रखमाबाई आली. तिचा पैलवान नवरा त्याच साथीत चार दिवसांत गेला. आली की एकच विचारते, "डॉक्टर, येवढा गडी असा कसा वो गेला?" एरवी मी औषधाची चिठ्ठी लिहायला घेतो. आज सांगितलं, "रोगानं आत शिरून आधी राखणदाराचंच तोंड दाबलं असेल. अंगाला वेळेवर कळलंच नाही."

ती रडायला लागली. "म्हंजी माझ्या हयगयीनं न्हाई गेला. तुमी लई शिकलेलं, म्हून कळलं."

मी सुधाकरचं नाव घेतलं नाही. का नाही घेतलं?

टिपणं उद्याच्या टपालानं जातील. सोबत अभिनंदनाचं पत्र हवं. तीन कागद फाडले. तेवढा एक शब्द काही लिहवत नाही.