सुमन परत गेली, त्यानंतर

४ फेब्रुवारी
काल वाचनालयात माझी कथा वाचली. शेवटी सुमन नवऱ्याला माफ करून सासरी परत जाते, तिथे दोघीतिघींनी डोळे पुसले. बरं वाटलं.
आज मासळी बाजारात यमुनाबाईंनी पापलेट द्यायच्या आधीच धारेवर धरलं. काल पायऱ्यांवर बसून ऐकत होत्या म्हणे.
"बाई, तो मारतो नं तिला? मंग परत का धाडलीत?"
म्हटलं, "तो रडला, पस्तावला. गोष्ट संपली तिथे."
"तुमची संपली. ती त्याच्याच घरात हाय अजून."
चारचौघांत. पापलेट न घेताच आले. चौदा कथा छापून आल्यात माझ्या, आणि आता यांनी शिकवायचं.

५ फेब्रु.
राग आहेच. दुसरीकडून बांगडे आणले, शिळे निघाले.

७ फेब्रु.
सुमन सुखात आहे हे दाखवायला हट्टाने लिहायला बसले. पहिला आठवडा जमला. तो चहा करून देतो वगैरे. नवव्या दिवशी आमटीत मीठ जास्त. तो ताटावरून उठला...
पुढचं वाक्य मला माहीत होतं. लिहवेना. त्याला एकदा रडवलं आणि तेवढ्यावर हिला पाठवून मी मोकळी. स्वतःचीच चीड आली.

१० फेब्रु.
यमुनाबाईंना जाऊन सांगितलं, माझं चुकलं. त्या मासे कापत राहिल्या. मग त्यांच्या लेकीचं निघालं. संगीता, रोडपालीला दिलेली. दोन वर्षांपूर्वी मार खाऊन माहेरी आली. मागोमाग नवरा. पायांवर डोकं ठेवून रडला.
"मीच धाडली, बाई. समदी बोलली, सुधारला मानूस. आता फोन केला तं तोच उचलतो. बोलतो, झोपलीय."
भर दुपारी झोपलेली. आणि रोडपाली इथून किती? रिक्षाने जाण्याएवढी.

१३ फेब्रु.
कथा ज्या दिवाळी अंकात आली त्याच्या संपादकांना फोन. पुढचा भाग लिहितेय म्हटलं. तर म्हणे, "गोड शेवटाला कशाला हात लावता? वाचक तिला सुखात सोडून आलेत."
सोडून आलेत, हे खरं. म्हटलं, छापू नका. मी लिहिणार.

१८ फेब्रु.
बाजार उठल्यावर यमुनाबाईंना वाचून दाखवलं. सुमन पुन्हा घर सोडते, माहेरच्या दारापर्यंत येते. एवढंच झालंय.
"मंग आयनं दार उघडलं?"
"ते अजून लिहिलं नाही. तुम्ही सांगा."
त्यांनी टोपली धुऊन पालथी घातली.
"ती कशाला येल दारात? एकदा धाडलेली पोर. आयलाच जावं लागंल."

१९ फेब्रु.
यमुनाबाईंची जागा रिकामी. शेजारची म्हणाली, भावाला घेऊन सकाळीच रोडपालीला गेल्या.
दोन वाजता पुन्हा जाऊन आले. नाहीत. त्यांचा फोन नुसता वाजतोय.
शेजारणीकडून संगीताचा पत्ता घेतलाय. इमारतीचं नाव आहे, सेक्टर तिला नक्की ठाऊक नाही. शोधेन. निघते.