पार्किंगमधली घोळ

सर्जेराव,
अक्षर माझ्या नातीचं, शेफालीचं. खवचटपणा तुझ्या आक्काचा.

वारज्यातलं आपलं रान तू बिल्डरला दिलंस, तेव्हा मी म्हणाले होते, या मातीत उगवलेलं पुन्हा खाईन, तेव्हाच तुला जेवायला बोलवीन. तिथं इमारत उभी राहिली आणि मी निर्धास्त झाले.

आज पार्किंगच्या फरशांच्या फटीतून घोळ उगवलीय रे! इतकी वर्षं दबलेलं बी, अंगावरून गाड्या, तरी पानं कशी रसरशीत. शेजारी आईचा गुलाबी तेरडाही फुललाय. मी हातच जोडले.

डाळ घालून शिजवलीय. तुझ्या मूळव्याधीलाही चांगली.

"आजी, हे पण लिहू?"

"लिही, भाऊच आहे माझा."

पत्र पोचेपर्यंत भाजी शिळी होईल. शेफाली, राहू दे हे. सर्जाला फोन लाव.

भाकऱ्या थापायला उठलेली,
तुझी आक्का