हौदातली धाकटी

३ फेब्रुवारी
नळाला पाणी नाही, टँकर आला नाही, तरी मागचा हौद काठोकाठ. गुलाबला विचारलं. म्हणाली, मी कशाला भरू, मला काय येड लागलंय. अक्का तांदूळ निवडत होती, तिने वर पण बघितलं नाही.
दिवसभर उन्हात असतो हौद. पाणी इतकं गार की हात घातला तर कोपरापर्यंत कळ गेली. वास डोंगराचा. पावसाळ्यात कातळावरून येतो तो.
ट्रकवाल्यांची गर्दी होती. सुकट संपत आली. उद्या महाडला जायला हवं.

५ फेब्रु.
पाहिली.
दुपारी खानावळीचं शटर ओढून भांडी घासायला मागे गेले. हौदाच्या काठावर बसून सुकटीची टोपली मांडीवर घेऊन खात होती. बाई. म्हणजे बाईसारखी. अंगावर काही नाही. केसांतून पाणी गळतंय. मानेवर शेवाळ, चिकटलेलं नाही, उगवलेलं. बोटांच्या मधे पातळ कातडं. डोळ्यांत पांढरं नाहीच.
ओरडले नाही. का, ते माहीत नाही. म्हटलं, नुसती खाऊ नको, खारट असते. ती हसली. दात बारीक, माशाचे. मग पाण्यात उतरली. पाणी उसळलं नाही, एक थेंब नाही.

६ फेब्रु.
गुलाबला सांगितलं. तिला फारसं नवल वाटलं नाही. मुलगा म्हणून जन्मलास तर मुलगाच राहा, असं म्हणून घरच्यांनी हाकललेली ती. माझ्याकडे भाकऱ्या थापायला आली आणि राहिली. ‘आपल्याकडे सगळ्या अशाच येतात, संगी,’ एवढंच म्हणाली.
अक्काला आधीच माहीत होतं.
‘आसरा हाय ती. आमच्या वरच्या वाडीच्या झऱ्यातली. सात बहिणी होत्या. दर अवसेला नारळ दिलाय मी त्यांना.’
वरची वाडी आता नाही. त्या जुलैत डोंगर खाली आला, तेव्हा अक्का माझ्याकडे करटुली विकायला आली होती म्हणून वाचली. मुलगा, सून, दोन्ही नातू आत. सापडले नाहीत. त्या दिवसापासून ती इथेच. माझ्या नात्यातली नाही, गुलाबच्या तर नाहीच. पण घरातली थोरली म्हणजे अक्का.
झराही गाडला गेला होता. सहा जणी खाली राहिल्या. ‘ही धाकटी. कशी सुटली कोण जाणे. हिंडतेय माज्यासारकी.’
तेव्हापासून आम्ही तिला धाकटीच म्हणतोय.

११ फेब्रु.
गुलाबने तिला आपला गाऊन दिला, मोठ्या गुलाबी फुलांचा. धाकटी तो घालूनच हौदात बसते. गाऊन फुगून वर येतो. गुलाब म्हणते, देवळातली मूर्ती दिसतेस. धाकटीला कळलं नाही, तरी लाजली.
कुळथाचं पिठलं आवडलं तिला, थंड करून. चुलीजवळ बसत नाही. गेली तर अंगातून वाफ निघते.
मला तिच्याकडे बघत बसायची सवय लागतेय. आज चहा उतू गेला.

१७ फेब्रु.
तिचे केस विंचरत होते. फणीला वाळू, एक बारीक शिंपला. तिने विचारलं, तुजं मानूस कुटं हाय?
सांगितलं. कोणाला सांगितलं नव्हतं आजवर, गुलाबला सोडून. मुंबईत शिलाई कारखान्यात होते तेव्हा वंदना आणि मी एका खोलीत राहायचो. लोकांना वाटायचं मैत्रिणी. खोलीतल्या खोलीत संसारच होता तो. मग तिच्या घरच्यांनी स्थळ आणलं, ती हो म्हणाली. लग्नातलं ब्लाउज मीच शिवलं. मापं घ्यावी लागली नाहीत.
धाकटीने गार तळवा माझ्या गळ्यावर ठेवला आणि बराच वेळ ठेवला.

१९ फेब्रु.
लिहू की नको. माझीच वही आहे, लिहिते.
दुपार. अक्का झोपलेली, गुलाब महाडला. धाकटी हौदातून उठून माझ्या खोलीत आली. दारातच थांबली. ‘येऊ?’ म्हणाली. आजवर मला असं कोणी विचारलं नव्हतं.
ओठ गार. जीभ त्याहून गार, मानेवरून खाली गेली तशी मी पलंगाची कड धरली. तिची पाठ कातळासारखी खरखरीत, पोट मात्र इतकं मऊ की हात रुततो. मांड्यांच्या आत तिचा गाल घासला तेव्हा खरचटलं, अजून चुरचुरतंय, चुरचुरू दे. माझी ऊब तिच्यात चढत गेली. शेवटी तिच्या पाठीवरून वाफ निघत होती आणि ती हसत होती, आणि मी उशीत तोंड खुपसून… पुरे.
चाळिशी आली माझी. संपलं असं धरून चालले होते.
संध्याकाळी गुलाबने गादी भिंतीवर वाळत घातली. ‘सावित्री नदीला पूर आला वाटतं,’ म्हणाली. अक्का तोंडाला पदर लावून हसत होती. अक्काला हसताना मी बहुतेक पहिल्यांदा पाहिलं.

२४ फेब्रु.
सगळं गोड नाही. धाकटी अधूनमधून जमिनीला कान लावून पडून राहते. हाक मारली तरी ऐकू येत नाही तिला. वर डोंगरात रस्त्याचं काम चालू आहे. जेसीबीचा आवाज आला की हौदातलं पाणी थरथरतं.
आज दुपारी माझ्या शेजारी झोपली होती आणि झोपेत बोलायला लागली. तिचा आवाज नव्हता. एकामागून एक वेगवेगळ्या बायकांचे आवाज, तिच्याच तोंडून. काही शब्द कळले नाहीत. मग एक कळला. ‘सोनू’.
सोनू अक्काचा धाकटा नातू.
अक्का दारात उभी होती. तिने ऐकलं. चुलीकडे गेली. भाकरी करपली तिची. कधी करपत नाही.

१ मार्च
दादा शिमग्याला मुंबईहून आलाय. माझा सख्खा भाऊ. गुलाबला ठेवून घेतल्यापासून माझ्या घरात पाणी प्यालेला नाही. शेजारणीकडून निरोप पाठवला की गावदेवीची पालखी यायच्या आधी ‘ते’ आणि नवीन कोण बाई आणलीय ती, दोघींना कुठेतरी पाठव. नाहीतर पालखी तुझ्या अंगणात येणार नाही.
आई गेल्यावरसुद्धा पालखी चुकली नव्हती.
गुलाब पिशवी भरायला लागली. मी पिशवी उलटी केली. त्यावरून भांडण. शेवटी दोघीही रडलो. कोणी कुठे जात नाही.

५ मार्च
आज पालखी. नीट लिहिते, उद्या खोटं वाटेल.
सकाळी ढोल जवळ आले. पुढच्या दांड्याला दादा. तो सरळ पुढे जाणार होता, दिसत होतं, मान वळवून चालला होता. पण पालखी वळली. अंगणात आली आणि जड झाली. खांदेकऱ्यांचे गुडघे वाकले. नाचवायला जातायत तर उचलेना. ढोल थांबले.
गुरव म्हातारा आहे. त्याने विचारलं, घरात कोण हाय जी ओटी भरायला बाहेर आली नाय?
दादाने माझ्याकडे बघितलं. बोलू नको असं. खरं सांगायचं तर मी बोललेच नसते.
अक्का आतून बाहेर आली. धाकटीचा हात धरून. माझी हिरवी साडी नेसवली होती तिला. पदरातून पाणी गळत होतं, अंगणातून ओहळ पालखीकडे चालला होता. पाठीमागे गुलाब, कुंकू लावून, ताठ.
‘संगी माजी लेक हाय,’ अक्का म्हणाली. ‘आन् ही माजी सून. दोन्ही माज्याच. काय म्हननं हाय?’
गुरवाने धाकटीचे पाय बघितले, केस बघितले, डोळे बघितले. मग हात जोडले. मला नाही, अक्काला नाही, तिला.
‘भरा ओटी,’ म्हणाला.
धाकटीने भरली. तांदूळ, नारळ. पालखी अशी वर गेली की दादाचा तोलच गेला. गुलाबने त्याला दंडाला धरून सावरलं. त्याने हात झटकला नाही.
जाताना पाणी मागितलं. गुलाबने हौदातलं दिलं. प्यायला. तांब्या हातात धरून उभा राहिला.

६ मार्च
अक्काने आज विचारलं. भाजी चिरता चिरता, वर न बघता. माजी पोरं कुटं हायत?
धाकटी म्हणाली, आतल्या खोलीत, जात्याजवळ, सगळी एका ठिकाणी. सहा बहिणींनी भोवती हातात हात धरलेत, पाणी आत जाऊ देत नाहीत. थोरल्या बहिणीने ओळखलं होतं, ही नारळवाल्या बाईची माणसं.
अक्काने पुन्हा विचारलं, सोनू भ्याला का.
धाकटी म्हणाली, ‘आमी गात होतो.’
अक्काने भाजी पुरी चिरली. मग मागे जाऊन हौदाला डोकं टेकून बसली. आम्ही तिघी तिच्या शेजारी जाऊन बसलो. ट्रकवाले येऊन शटर वाजवून गेले. आज जेवण नाही.

१४ मार्च
वर रस्ता फोडताना पाणी लागलं. दरडीच्या खालच्या अंगाला. लोक बघून आले, मोठं डबकं झालंय म्हणतात. काम थांबलंय.
हौद उतरतोय. धाकटी धड जेवत नाही. मला धरून झोपते आणि मधेच अंग ताणतं तिचं, कोणी ओढल्यासारखं. बहिणी हाका मारतात म्हणे, आता स्पष्ट.
मी विचारलं, गेलीस तर परत येशील?
‘थोरली म्हनते, पान्याला मागं फिरता येत नाय.’
तू काय म्हणतेस?
‘मी अजून करून नाय बगितलं.’
दाराला कडी घालावी असं मनात आलं. खोटं कशाला लिहू, आलं. अंगावरचे तिचे ओरखडे बुजत चाललेत. ते बुजू नयेत म्हणून मी… असो. कडी नाही घातली. सांगितलं, मी सोबत येते तिथपर्यंत. अक्का म्हणाली, मीपण. दरड कोसळली त्या दिवसापासून ती वर गेलेली नाही. गुलाब म्हणाली, मग डबा कोण उचलणार.

१६ मार्च. वर.
वही घेऊन आलेय. दगडावर बसून लिहितेय.
दादाने रिक्षातून सोडलं, फोन न करता आला होता. खालीच थांबलाय.
माती लाल, अजून उघडी. मधे मधे घाणेरी उगवलीय. अक्का सरळ चालत गेली, दारातून आत जावं तशी, एका जागी थांबली आणि खाली बसली. गुलाबने तिच्या पाठीवर हात ठेवला. मी तिकडे बघितलं नाही.
पाणी हिरवं, खोल. धाकटीने साडी काढून माझ्या हातात दिली, नीट घडी करून. गुलाबने शिकवलंय. लोक नव्हते. असते तरी मी तिचं तोंड हातात धरलं असतं. तिने माझ्या खालच्या ओठाला दात लावले, हलकेच, रक्त येईल न येईल इतपत. मग गेली. पाणी उसळलं नाही.
मग काही नाही. ऊन. खाली रस्त्यावर गाड्या.
अक्का काठावर येऊन बसलीय. मघाशी पाण्याकडे तोंड करून हाक मारली, नदीवर धुणं धुवायला गेलेल्या पोरीला मारतात तशी. ‘गोऽ, जेवायला ये.’ पुन्हा मारली.
गुलाबने भाकऱ्यांचं फडकं सोडलं. कोणी हात लावला नाही.
आता पाणी हलतंय. एका ठिकाणी नाही, सगळीकडून. मी उठून उभी राहिले. साडी उघडून धरली.
अक्का म्हणाली, ‘एकटी हाय का सगळ्या हायत, बग आदी. भाकऱ्या कमी हायत.’