पाचव्या पायरीचा मंत्र आणि पुलावरची कुऱ्हाडवाली

प्रति,
मा. ग्रंथपाल तथा रविवारच्या खेळाच्या पंच,
वाचनालय, तळमजला, नकाशांची खोली.

विषय: मांत्रिकाची पायरी चढल्यावर नवा मंत्र लगेच वापरता येतो की एक बैठक थांबावे लागते, याचा रविवारपूर्वी लेखी निर्णय मिळणेबाबत.

संदर्भ: १) नियमपुस्तिका, पान ४१ वरील तक्ता. २) तीच पुस्तिका, पान ६३, दुसरा परिच्छेद. ३) 'वाद तोंडी घालू नयेत, अर्ज द्यावा', ही खोलीच्या दारावरील आपली सूचना.

महोदया,

१. अर्जदार ही पाणीपुरवठा कार्यालयात आवक-जावक कारकून असून बावीस वर्षे लोकांच्या अर्जांवर शिक्के मारत आली आहे. स्वतः अर्ज लिहिण्याची ही पहिलीच वेळ. खाडाखोड झाल्यास सांभाळून घ्यावे.

२. आपल्या टेबलाभोवती दर रविवारी दुपारी पाच जण फासे टाकून जो कल्पनेतला खेळ खेळतात, त्यात अर्जदाराचे पात्र जखमा भरून काढणारी मांत्रिकीण आहे. अर्जदाराच्या सासूबाईंचे (वय एकाहत्तर, व्यवसाय शिवणकाम) पात्र कुऱ्हाडवाली होते. 'होते' असे लिहावे लागते, कारण गेल्या रविवारी ती पुलावर मेली. बाकीचे चौघे पलीकडे पोहोचेपर्यंत तिने एकटीने पूल अडवून धरला होता, हे आपणही पाहिले आहे.

३. नियमाप्रमाणे मेलेल्या पात्राला फक्त पुढच्या बैठकीतच परत आणता येते. ती बैठक येत्या रविवारी आहे. प्राण परत आणणारा मंत्र पाचव्या पायरीचा असून अर्जदाराच्या मांत्रिकिणीने ती पायरी गेल्या रविवारीच, खेळ संपता संपता गाठली. पान ४१ वरील तक्ता म्हणतो, नोंदवहीत पाच खुणा झाल्या की पुढची पायरी आणि मंत्र दोन्ही मिळाले. पान ६३ म्हणते, नवा मंत्र एक बैठक अभ्यासल्याशिवाय तोंडातून काढू नये. तक्ता खरा धरला तर कुऱ्हाडवाली उठते. परिच्छेद खरा धरला तर ती कायमची गेली. एकाच पुस्तिकेने दोन तोंडांनी बोलावे, याला काय म्हणावे?

४. पूर्वीचा दाखला म्हणून नमूद करते की, आपल्यातीलच औषधदुकानदारांच्या मांत्रिकाने आगीचा मंत्र मिळाल्या दिवशीच वापरून अख्खे गोदाम पेटवले, तेव्हा पान ६३ कोणीही उघडले नव्हते. उलट सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. औषधदुकानदारांना एक न्याय आणि अर्जदाराला दुसरा, असे आपल्या हातून होणार नाही अशी खात्री आहे.

५. एवढी घाई कशासाठी, असे आपण विचाराल. सासूबाई रविवारपासून अर्जदाराशी एक अक्षर बोललेल्या नाहीत. मंगळवारी त्यांनी थोरल्या दिरांना फोन करून 'मी तुझ्याकडे राहायला येते, कायमची' असे सांगितले. सोमवारी सकाळी दीर गाडी घेऊन येत आहेत. शिवणयंत्राला गुंडाळायला जुनी चादरही काढून ठेवली आहे. अर्जदाराचे यजमान म्हणतात, "खेळातली बाई मेली म्हणून कोणी घर सोडतं का?" त्यांना पूर्ण हकिगत ठाऊक नाही.

६. आपणासही नाही. आपण सुरू केलेली पद्धत अशी की, बैठक संपताना ज्या मांत्रिकाचा मंत्र न वापरता शिल्लक राहतो, त्याला प्रत्येक शिल्लक मंत्रामागे एक खूण मिळते आणि ती आपण नोंदवहीत शाईने करता. मंत्रांची उधळपट्टी थांबावी, हा आपला हेतू चांगलाच होता. गेल्या रविवारी अर्जदाराच्या चार खुणा होत्या. पुलावर फासे उलटे पडू लागले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगं, जखम भरायचा एखादा मंत्र उरलाय का बघ की!" अर्जदाराने मंत्रांची नोंद असलेल्या आपल्या कागदावर हात ठेवला आणि म्हणाली, "संपले, आई."

७. संपले नव्हते. एक होता. पाचवी खूण हवी होती म्हणून तो दाबून ठेवला. दोन वर्षे चौथ्या पायरीवर अडकलेल्या माणसाला काय होते हे ज्याचे त्यालाच कळते, पण ही सबब नव्हे. खेळ संपल्यावर आपण वही उघडून शाईने पाचवी खूण केलीत. वीजमिस्त्री म्हणाले, "वहिनी, चढलात एकदाच्या!" सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी चष्मा लावला, ती खूण नीट पाहिली, फाशांची पिशवी आवरली आणि एकट्याच घरी चालत गेल्या. ती पिशवी त्यांनीच शिवलेली आहे. पाचही जणांच्या पिशव्या त्यांनीच शिवल्या आहेत.

८. म्हणजे ज्या खुणेच्या जोरावर अर्जदार त्यांना उठवू पाहते, ती खूण त्यांना मरू देऊनच मिळालेली आहे. हे कलम ४ लिहीपर्यंत डोक्यात शिरले नव्हते. दाखले शोधण्यातच अक्कल खर्च झाली.

९. सबब वरील विषय मागे घेत आहे. पान ४१ नको आणि ६३ही नको. शाईची नोंद खोडता येत नाही, हा आपला नियम अर्जदारास मान्य आहे. आमच्या कार्यालयातही तोच आहे. मात्र ज्याने चुकीची माहिती दिली त्यानेच कारणासह लेखी कबुली दिली, तर तांबड्या शाईने दुरुस्ती करता येते. ती कबुली म्हणून हा अर्ज समजावा. पाचवी खूण रद्द करावी. तो मंत्र पुलावर, मागितला त्याच क्षणी खर्च झाला असे धरावे. ज्या बाईची जखम वेळेवर भरली ती मेली कशी म्हणायची, तेवढेच आपण वहीत नीट करून द्यावे.

१०. आपला निर्णय काहीही होवो, पुढचे वाक्य अर्जदार म्हणून लिहिता येत नाही. आई, मी खोटं बोलले. मला पायरी नको, तुम्ही जाऊ नका.

लेखी उत्तराची वाट पाहत,

आपली विश्वासू,
(सही)
मांत्रिकीण, चौथी पायरी
गुरुवार (अर्ध्या दिवसाची रजा), दुपारी साडेतीन

सोबत:
१) मांत्रिकिणीचा मूळ कागद, शिल्लक मंत्राच्या नोंदीसह.
२) पाने ४१ व ६३ यांच्या हाताने उतरवलेल्या नकला (आता गरज नाही, पण जोडल्या आहेत).

प्रत माहितीसाठी: सासूबाई, आतली खोली. दाराखालून सरकवली आहे. पोच अद्याप मिळालेली नाही. शिवणयंत्राचा आवाज थांबला आहे.